पुस्तक मिटून सांग

जैनथ, १६ नोव्हेंबर २०२५

अक्का,

हे पत्र फाडायचं असेल तर फाड, पण त्याआधी एवढं एक वाक्य वाच : रुपाला डोकं आहे.

फाडलं नाहीस असं धरून पुढे लिहिते.

फोन तू उचलत नाहीस. माझा नंबर दिसला की कापतेस, बाबांचा तर वाजूसुद्धा देत नाहीस. परवा नागनाथ भाऊजींनी आईला फोन केला होता. रुपा सहामाहीत विज्ञानात नापास झाली, आणि तू म्हणालीस, "माह्यावरच गेली पोट्टी. डोकं नाई. संक्रांतीपासून शाळा बंद, गाड्यावर बसवतो तिले." भाऊजी आईला हळूच म्हणाले, "तुमी कोनी सांगून पाहा. माह्यं ती ऐकत नाई."

म्हणून मी सांगून पाहते आहे. सातवीतल्या मुलीने नेरडीगोंड्याच्या हायवेवर ट्रकवाल्यांना इडल्या वाढायच्या, आणि का, तर एका विषयात मार्क कमी पडले? अक्का, मी आले असते तर तुझ्या गाड्यासमोर बसून भांडले असते. पण तू मला पाहून आत निघून जाशील, हे मला माहीत आहे. कागदाला पाहून आत जाता येत नाही.

आता माझी बातमी. मी कोर्स लावलाय! ऑनलाइन, फुकट, नऊ आठवड्यांचा. नाव ऐकून हसू नकोस. 'अभ्यास कसा करावा'. आमच्या कॉलेजच्या मॅडमनी ग्रुपवर पाठवला होता. बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचे सराव पेपर मी सोडवते आहे आणि ते काही धड जात नाहीत, म्हणून नाव टाकलं.

पुढच्या खोलीत यंदाचा कापूस छतापर्यंत भरलाय. त्या ढिगावर चढून खिडकीशी बसलं की नेटवर्क मिळतं, म्हणून माझी शाळा कापसावर भरते. काल आई खालून ओरडली, "कोंबडीवानी काय बसली वं तिथं? खाली उतर, कापूस दबून राह्यला!"

बाबांचं वेगळंच. "पदवी झाली ना तुही? मंग आता शिकाचं कसं हे शिकून राह्यली? तीन साल काय केलं मंग कॉलेजात?"

"जेवाचं कसं याचा बी कोर्स असन त्यात," आई म्हणाली. "तो लाव. ताट धुवाच्या धड्यापासून सुरू कर."

हसू दे त्यांना. मला इतका आनंद झालाय ना अक्का! व्हिडिओमध्ये शिकवणाऱ्या चारुलता मॅडम बंगळूरच्या आहेत. त्या म्हणतात, चांगली स्मरणशक्ती घेऊन कोणी जन्माला येत नाही, अभ्यासाची पद्धत असते आणि ती शिकता येते. हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा कोण आठवलं असेल? तू.

आणि जुलैमधला तो दिवसही आठवला. मारुतीच्या पारावर माझा सत्कार, गळ्यात हार, आणि बाबा गावासमोर बोलले : "मोठी तं तीन डाव दहावी फेल. डोकंच नवतं. लहानीनं नाव काढलं, पयल्या झटक्यात दहावी, पयल्या झटक्यात डिग्री!" मी घरात जिलबी आणायला गेले होते. बाहेर आले तर तुझं ताट तसंच, आणि तू रुपाचा हात धरून ऑटोत बसलेली. माझ्यासाठी आणलेली साडी ओट्यावर ठेवून गेलीस. मी ती अजून नेसलेली नाही. तू असताना नेसेन.

शिकलेलं तुला लिहीत जाईन. तू रुपाला सांग. पहिला आठवडा माझा अक्षर न् अक्षर पाठ झालाय. उद्या त्यावर छोटी परीक्षा आहे. दहापैकी दहा पडणार, लिहून ठेव!

तुझी,
रंजी


जैनथ, ३० नोव्हेंबर

अक्का,

दहापैकी तीन.

हसलीस ना? हस. मीसुद्धा आधी रडले आणि मग कापसावर लोळून हसले.

काय झालं ते ऐक. पहिल्या धड्यात मॅडम सांगतात की तेच तेच पुन्हा वाचल्याने आपल्याला येतंय असा भास होतो, पण ते डोक्यात राहत नाही. हे वाक्य मला पाठ होतं. इंग्रजीत! ते बोलताना मॅडम कुठे थांबतात, कुठे पाणी पितात, तेसुद्धा पाठ होतं. परीक्षेत प्रश्न आला : एक मुलगी धडा पाच वेळा वाचते. दुसरी एकदा वाचून पुस्तक मिटते आणि आठवून सांगते. जास्त कोणाच्या लक्षात राहील?

मी खूण कुठे केली असेल? पाच वेळा वाचणारीवर! कारण पाच वेळा म्हणजे मेहनत, आणि मेहनतीला मार्क. पाठ केलेलं वाक्य माझ्या डोक्यात एका कोपऱ्यात पडून होतं आणि माझा हात आपल्या मनाने चालला होता. दोघांची ओळखच नव्हती.

अक्का, अभ्यास कसा करावा याचा धडा मी घोकला! घोकू नका असं सांगणारा धडा घोकला! असं फक्त आपल्याकडचं, तेलुगू राज्यातलं मराठी माणूस करू शकतं. गावात पाचवीपर्यंत मराठी शिकायचं, सहावीला मोठ्या शाळेत जायचं, तिथे सगळं तेलुगूत. मग आपण काय करायचो? सर फळ्यावर लिहीत ते मराठी अक्षरांत उतरवायचं आणि गाण्यासारखं म्हणत सुटायचं. अर्थ लावायला वेळ कोणाला होता, आणि विचारायचं तरी कोणाला? मी बी.ए.सुद्धा असंच केलं. हे तुला म्हणून सांगते.

कोर्समध्ये प्रश्न विचारायची जागा आहे. मॅडमचं आडनाव आपल्यातलं वाटलं, म्हणून धीर करून मराठीत लिहिलं : तीन मार्क पडले, मी आता काय करू? दुसऱ्या दिवशी मराठीतच उत्तर! "रंजीता, सगळं मिटून ठेवा. ज्याने हा धडा पाहिला नाही अशा कोणाला तरी आपल्या बोलीत सांगा. जिथे अडाल तिथेच तुमचा अभ्यास आहे."

मग काय, सकाळी आईबरोबर वेचणीला गेले आणि ओळीला लागल्याबरोबर सुरू केलं.

"आई, धडा एकदा वाचायचा. मग पुस्तक मिटायचं. मग आठवायचं."

"कमरेच्या वटीत कापूस टाक. तोंड हालून राह्यलं, हात नाई. आन् आठवलं नाई तं?"

"मग..." आणि मी अडले. मला आठवेना. इंग्रजी वाक्य जिभेवर होतं, पण ते आईला कसं सांगू? उभी राहिले तशीच. समोर पऱ्हाटीची ओळ. तिच्यात मधेच काही झाडं बुटकी, उशिरा आलेली. ती का बुटकी, हे तुला सांगायला नको.

"आई, नांग्या!" मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडच्या वावरातल्या बाया पाहायला लागल्या.

"काय झालं? चावलं काय काई?"

"पेरल्यावर थोडे दिवस थांबतो ना आपण? मग ओळीने फिरतो. जिथे उगवलं नाही तिथेच बोटाने माती उकरून सरकी टाकतो. सगळं वावर पुन्हा पेरतो का?"

"येडी हाय काय तू? बियाचं पाकीट काय फुकट येते?"

"तेच! वाचलं म्हणजे पेरलं. मिटून आठवलं म्हणजे फिरून पाहिलं. आठवलं नाही ती नांगी. तेवढीच भरायची. आणि आपण काय करतो? दर वेळी सगळं वावर पेरत बसतो, आणि कुठे उगवलं ते बघतच नाही!"

आईने माझ्याकडे पाहिलं. "मंग असं सरळ सांग ना बाप्पा. घंटाभर काय विंग्रजीत रडून राह्यली होती?"

घरी येऊन मी हेच मॅडमला लिहिलं. त्यांनी ते सगळ्यांना वाचायला वर लावून ठेवलं! देशभरातली मुलं विचारताहेत, नांग्या म्हणजे काय. मी उत्तरं देऊन दमले. दुसऱ्या परीक्षेत दहापैकी आठ.

रुपाला सांग : वाच, पुस्तक मिटून सांग, जिथे उगवलं नाही तेवढंच पुन्हा वाच. एवढंच करून बघ, अक्का. फक्त विज्ञानाला.

रंजी


जैनथ, १४ डिसेंबर

अक्का,

तुझं उत्तर नाही. भाऊजी म्हणतात, "पत्रं घेते, वाचते, बोलत काई नाई." वाचतेस ना? मला तेवढं पुरे आहे.

आज कोर्सचं नाही, कालचं सांगते.

भाऊजींना मी सांगितलं होतं की एकदा रुपाशी बोलू द्या. काल त्यांनी गाड्यापाशीच फोन लावून रुपाच्या हातात दिला. तुला चोरून काही केलं नाही, तू तव्यापाशीच होतीस. भाऊजी म्हणाले, तू पाहिलंस आणि 'नको' म्हणाली नाहीस.

रुपा म्हणाली, "मावशी, मले सारं पाठ हाय, तरी फेल केलं मास्तरनं."

"काय पाठ आहे? म्हण बरं."

आणि ती सुरू झाली. "मोक्कलु सूर्यकांति समक्षंलो..."

अक्का! तेच! तुझं तेच! मी पाच-सहा वर्षांची असेन. तू वेचणी करता करता हे म्हणायचीस, आणि मी तुझ्या मागे मागे वटीला धरून चालायचे. मला ते अंगाईसारखं पाठ झालं होतं. तुझ्या दहावीच्या विज्ञानातलं उत्तर, आता रुपाच्या सातवीत. पुस्तक बदललंय, हिच्या पुस्तकात एका पानावर तेलुगू आणि समोरच्या पानावर इंग्रजी असतं. पण वाक्य तेच, आणि म्हणायची चालसुद्धा तीच. चाल तिने कोणाकडून घेतली असेल, मला कळलं नाही. तेव्हा कळलं नाही.

मी विचारलं, "रुपा, याचा अर्थ काय गं?"

ती म्हणाली, "मावशी, हे समजाचं नसते. हे म्हणाचं असते."

"बरं, पुढे म्हण."

"सूर्यकांति समक्षंलो नीटिनि... नीटिनि..." अडकली. "थांब मावशी, येते मले..."

आणि तेवढ्यात मागून, तव्याच्या चर्र आवाजातून, एक आवाज आला. सरळ, न थांबता :

"कार्बन डायऑक्साइडनु उपयोगिंचुकोनि पिंडी पदार्थालनु तयारु चेसुकुंटायि. म्हन पुढं, काय अटकून राह्यली?"

आणि मग कोणाला तरी, "दोन इडली, एक वडा, चटणी जास्ती."

फोन रुपाच्या हातात होता. मी या बाजूला कापसावर बसलेली. मी फोन कानाशी आणखी दाबला.

अक्का, पंधरा वर्षं होऊन गेली त्याला. लग्न झालं, रुपा झाली, गाडा टाकला. एवढ्या वर्षांत त्या पुस्तकाचं पानसुद्धा तुझ्यासमोर आलं नसेल. आणि तू दोसा उलटता उलटता, मान न वळवता, अडकलेल्या मुलीला पुढचे शब्द दिलेस. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

आणि या बाईला डोकं नाही?

कोण म्हणालं ते? बाबा म्हणाले, शाळेतले सर म्हणाले, आणि सगळ्यांत जास्त वेळा तू म्हणालीस. आता तेच तू रुपाला म्हणतेस, म्हणून मला हे लिहिताना धीर निघत नाही. तुझ्या वावरात बी कधी कमी नव्हतं, अक्का. कोणी फिरून पाहायला आलं नाही.

रुपाचा गोड पापा घे.

रंजी


जैनथ, ४ जानेवारी २०२६

अक्का,

संक्रांत दहा दिवसांवर आली. म्हणून आज सगळं लिहिते.

कोर्सचा शेवटचा आठवडा लागला. शेवटचं काम असं आहे : एका माणसाला एक गोष्ट शिकवायची, आणि मग ती त्याने आपल्या शब्दांत आपल्याला परत सांगायची. त्याने सांगितलं ते लिहून पाठवायचं. त्याशिवाय प्रमाणपत्र नाही. गावातली चार-सहा पोरं संध्याकाळी माझ्याकडे येतात, 'नांग्यावाली ताई' म्हणतात. त्यांच्यातलं कोणीही चाललं असतं. पण मी तुझं नाव टाकलंय. शिकणाऱ्याचं नाव : चंदा. नातं : मोठी बहीण. आता तू उत्तर दिलं नाहीस तर मी नापास. बघ, कशी अडकवली!

आता एक गोष्ट, जी आपल्या घरात सगळे विसरलेत. बाबा गावभर सांगतात, पहिल्या झटक्यात दहावी. मी दहावीला होते ते साल आठव. दोन हजार वीस. भाषांचे पेपर झाले आणि कोरोना आला. पुढचे पेपर झालेच नाहीत. विज्ञानाचा पेपर मी पाहिलासुद्धा नाही. सरकारने सगळ्यांना पास केलं.

परवा जेवताना हे बाबांना सांगितलं.

"मंग पास कशी झाली तू?" ते म्हणाले.

"सगळेच झाले, बाबा. बसलेच नाही, तर नापास कशी होणार?"

त्यांनी घास खाली ठेवला. "आन् चंदी तीन डाव बसली."

"बसली."

"तेच धडे?"

"तेच. मीपण तसंच पाठ केलं होतं. तिच्याकडूनच ऐकून. पेपर झाला असता, आणि प्रश्न उलटा करून आला असता, तर मीपण गेले असते."

आई म्हणाली, "तरी मी तुमाले म्हणत होती, पोट्टीले असं चार लोकांत बोलू नोका."

"कवा म्हणत होती तू?"

"मनात म्हणत होती."

बाबा उठले. हात धुतला आणि बाहेर जाऊन बसले. ते 'चुकलं' म्हणतील अशी वाट पाहू नकोस, तो शब्द त्यांच्या तोंडात बसत नाही. पण सकाळी उठून पाहते तर जवारीची कोवळी कणसं मोडून आणलेली. हुरडा भाजला, चोळला, पाखडला, सगळं स्वतः. आईला हात लावू दिला नाही. मग फडक्यात बांधून मला विचारतात, "नेरडीगोंड्याले थांबते काय वं निर्मलची बस?" मी म्हटलं, थांबते. "चंदीचा गाडा कोन्या बाजूनं हाय?" अक्का, त्यांना माहीत नाही तुझा गाडा कोणत्या बाजूला आहे. मी सांगितलं. आज ते आदिलाबादला जाऊन ओळखीच्या कंडक्टरजवळ हुरडा देणार आहेत, आणि हे पत्रसुद्धा त्यांच्याच हाती देते आहे.

आता तुझा धडा. ऐक.

ते वाक्य म्हण. पण गाण्यासारखं नको. एकेका शब्दावर थांब. 'मोक्कलु', थांब. 'सूर्यकांति', थांब. 'नीटिनि', थांब. 'पिंडी', थांब. प्रत्येक शब्दाला विचार, मी तुला कुठे ऐकलंय? पुस्तक सोड. तुझ्या गाड्यावर, तुझ्या रस्त्यावर, कोणाच्या तोंडून? शाळेत होतीस तेव्हा तुला तेलुगूतलं 'या, बसा' येत नव्हतं. आता तू दिवसभर ड्रायव्हर लोकांशी तेलुगूत भांडतेस, भाऊजी सांगतात. तुला बाजारातली तेलुगू येते आणि पुस्तकातली तेलुगू पाठ आहे. दोघींची ओळख करून दे, बस.

अर्थ मी सांगणार नाही. मी सांगितला तर तो माझा होईल.

आणि रुपाला शेजारी बसव. एवढं करून जर तुला वाटलं की या पोरीला डोकं नाही, तर खुशाल गाड्यावर बसव. मी पुन्हा एक शब्द लिहिणार नाही.

रंजी


जैनथ, ११ जानेवारी

अक्का,

कोर्स संपला. शेवटच्या परीक्षेत दहापैकी दहा, आणि या वेळी काहीही पाठ न करता! मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतंय, आणि घरात ऐकायला फक्त आई आणि कापूस. तोही परवा जिनिंगला जाईल. मग मी कुठे बसू?

शेवटचं काम मात्र अजून रिकामंच. चारुलता मॅडमनी विचारलं, तुमच्या विद्यार्थिनीने सांगितलं का? मी लिहिलं, विद्यार्थिनी विचार करते आहे. त्या म्हणाल्या, मग घाई करू नका, पेरल्यावर थांबावं लागतं असं तुम्हीच लिहिलं होतं. मी लिहिलं तेव्हा मला फार शहाणं वाटलं होतं. आता थांबताना कळतंय.

आई तिळाचे लाडू करते आहे. एक डबा तुझ्या नावाने बाजूला ठेवलाय. विचारलं, कोणासाठी, तर म्हणते, "मुंग्यांसाठी. तुले काय करा लागते?"

अक्का, उत्तर देऊ नकोस हवं तर. प्रमाणपत्र गेलं तरी चालेल. पण संक्रांतीनंतरच्या सोमवारी रुपा दप्तर घेऊन निघाली की नाही, एवढं भाऊजींना कळवायला सांग.

रंजी


नेरडीगोंडा, १८ जानेवारी

रंजे,

लय सालानं लिवून राह्यली, अक्षराले हासू नोको. पाचवीपतोरची मराठी हाय, तेवढीच कामी येऊन राह्यली.

तुह्यं पयलं पत्र मी फाडणारच होती. अर्धं फाडलं बी. मंग ते पयलं वाक्य दिसलं.

बाबाचा हुरडा भेटला. संग तुह्यं पत्र होतं, बाबाचा काई निरोप नवता. मी खाल्ला नाई दोन दिवस. मंग रुपानं खाल्ला, मंग मी बी खाल्ला. गोड होता. सांगजो त्याइले. गाडा आदिलाबादकडून येताना डाव्या हाताले हाय, हे बी सांगजो.

आता तुह्या धड्याचं. मी काई बसून बिसून विचार केला नाई, मले टाइम कुठं हाय. संक्रांतीच्या दिशी सकाळी गर्दी होती. एक डायवर ओरडला, "अम्मा, पिंडी अयिपोयिंदा?" म्हंजे पीठ सरलं काय. मी म्हणलं, नाई सरलं, हाय. आन् माह्या हातातला डाव तसाच राह्यला. पिंडी! अवं, पिंडी तं पीठ व्हय! रोज मी पाच डाव म्हणतो हा शब्द. तुह्या त्या वाक्यात बी पिंडी हाय.

मंग मी एकेक पाहत गेली. समोर रोपवाल्याचा टेम्पो उभा राह्यते. तो दिवसभर बोंबलते, मोक्कलु घ्या, मोक्कलु. म्हंजे झाडं. सूर्यकांति तं आपलंच हाय, ऊन. तयारु म्हंजे तयार. नीटिनि काई समजे ना. रुपाले हाक मारली. म्हणलं, हे काय वं? ते म्हणे, "आई, नीळ्ळु नाई का म्हणत गिराईक, पाणी द्या म्हणून? तेच व्हय, पुस्तकात असं लिवतात." पाह्य बाप्पा, मले नाई आलं ते तिले आलं.

मंग मी उभ्या उभ्या सारं जोडलं. झाडं हायेत ना, ते उन्हात, पाणी घेऊन, हवेतला तो वायू घेऊन, आपलं पीठ आपनच तयार करतात.

एवढंच होतं काय वं रंजे? एवढंच? तीन डाव फेल झाली मी याच्यापायी, आन् मी रोज पाह्यटे उठून पीठच तयार करून राह्यली. हे मले तवा कोनी सांगतलं काऊन नाई? मी हासली, मंग रडली बी. डायवर लोक घाबरले. तुह्ये भाऊजी म्हणे, चटका बसला काय.

रुपाले म्हणलं, आता पुस्तक मीट आन् तू सांग. तिनं सांगतलं. तुह्यापेक्षा चांगलं सांगतलं. म्हणे, "आई, मंग पानात चूल असते काय? आन् ऊन म्हंजे जाळ?" मी म्हणलं, तसंच असन. मंग ते म्हणे, "आन् रातच्याले? रातच्याले ऊन नसते, तवा झाडं काय करतात? उपाशी राह्यतात काय?" मले नाई सांगता आलं. तुह्या कोर्समध्ये असन तं लिव. नाई तं राहू दे. मी तिले म्हणलं, सोमवारी शाळेत जा आन् मास्तरले इचारून ये. उद्या सोमवार हाय, दप्तर भरून ठेवलं तिनं.

हे तुह्या मॅडमले पाठव. माह्यं नाव लिव, चंदा. पास कर म्हणा आमाले.

उन्हाळ्यात सुट्टी लागली का येऊ आमी. माह्यं ताट तसंच राह्यलं होतं, जिलबी ताजी करजो. ते साडी नेस त्या दिशी. आन् मायले म्हणा, मुंग्यांनी लाडू खाल्ले नसतीन तं पाठव.

फोन करू नोको. पत्रच लिव. तुह्यं पत्र मी एक डाव वाचतो, मंग मिटतो, मंग रुपाले तोंडानं सांगतो काय लिवलं ते. जिथं अटकली तिथं उघडून पाह्यतो. तू नांग्याचं लिवलं तवापासून असंच करून राह्यली, पयल्या पत्राचं बी.

पयल्या पत्राचं ते पयलं वाक्य आता उघडून पाहा लागत नाई.

तुही,
अक्का